एका फूटपट्टीचा प्रश्न



गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात वर्तुळाकार गती शिकवून झाली आणि तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. चणीने लहानखुरी, वर्गात फारशी न बोलणारी. म्हणाली, "सर, मला लढाऊ विमान चालवायचे आहे. पण मामा म्हणतात, त्याला वाघाचे काळीज लागते, ते मुलींचे काम नाही. विमान वळले की मोठमोठे गडी बेशुद्ध पडतात म्हणे. हे खरे आहे का?"

मी तिला म्हटले, "तुझे मामा निम्मे बरोबर आहेत. गडी बेशुद्ध पडतात हे खरे. पण त्याचा काळजाच्या धिटाईशी संबंध नाही. काळीज वाघाचे असो की सशाचे, ते छातीत असते आणि डोके त्याच्या वर एक फूटपट्टीभर अंतरावर असते. सगळा प्रश्न त्या फूटपट्टीचा आहे."

त्या दिवशी घंटा झाली आणि बोलणे अर्धेच राहिले. ते आज तुमच्यापुढे पुरे करतो. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्हाला ते तपासून पाहता येईल. प्रचंड त्वरणात शुद्धीवर राहणे ही शिकण्याची आणि शिकवण्याची विद्या आहे. पोहण्यासारखी. ती उपजत शौर्याने येत नाही, आणि कितीही महागडा पोशाख किंवा यंत्र आणले तरी तिच्यावाचून भागत नाही.

प्रथम त्वरणाचा हिशोब करू. जत्रेत 'मौत का कुआँ' पाहिला आहे ना? लाकडी फळ्यांच्या विहिरीत मोटारसायकलवाला भिंतीवरून आडवा गरगर फिरतो. विहिरीची त्रिज्या साडेचार मीटर आणि वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११ मीटर धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूत्र वापरले की अभिकेंद्री त्वरण सुमारे २७ येते. गुरुत्वत्वरण ९.८. म्हणजे त्या स्वाराला आपल्या वजनाच्या पावणेतीन पट जोराने भिंतीकडे दाबल्यासारखे वाटते. यालाच वैमानिकांच्या भाषेत पावणेतीन जी म्हणतात. आणि लक्षात घ्या, भिंत त्याच्या पायाखाली आहे, डोके वर्तुळाच्या मध्याकडे आहे. त्याच्या रक्ताला डोक्याकडून पायाकडे ओढ लागते. फार वेळ फिरला तर त्यालाही घेरी येऊ शकते.

आता विमान घ्या. वेग ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. हे विमान ७५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळले, तर त्याच सूत्राने त्वरण येते ८३, म्हणजे साडेआठ जी. साठ किलोच्या वैमानिकाचे वजन आता पाचशे किलोच्या वर गेल्यासारखे होते. डोके आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरले, तर मानेवर पन्नास किलोचे सिमेंटचे पोते ठेवल्यासारखे वाटणार. हाडे आणि स्नायू हे सोसतात. अडचण होते ती रक्ताची, कारण रक्त द्रव आहे आणि द्रवाचे नियम पाळते.

दप्तरातली मोठी फूटपट्टी काढा, तीस सेंटिमीटरची. एक टोक छातीच्या मध्याशी धरा आणि ती उभी ठेवा. दुसरे टोक साधारण डोळ्यांपर्यंत येईल. हृदयाला रक्त एवढे वर चढवायचे असते. रक्ताची घनता १.०६, पाऱ्याची १३.६. तेव्हा ३०० मिलिमीटर उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे २३ मिलिमीटरइतका झाला. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात तो वरचा आकडा १२०. त्यातून २३ वजा केले, तरी डोळ्यांशी ९७ उरतात. एरवी आपले उत्तम चालते.

पण त्वरण वाढले की त्या स्तंभाचे वजन तितक्याच पटीने वाढते. चार जीला वजा करायचे ९२. उरले २८. पाच जीला वजा करायचे ११५. उरले ५. हा अगदी कागदावरचा हिशोब आहे, खऱ्या शरीरात थोडे इकडेतिकडे होते. तरीही स्वस्थ बसलेल्या माणसाची सहनशक्ती प्रत्यक्ष मोजली, तेव्हा ती चार-पाच जीच्या आसपासच भरली. असा हिशोब जमला की मला आजही आनंद होतो. तुम्ही पाठ केलेले उंची, घनता आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे सूत्र माणसाच्या डोक्यात कुठे दिवा विझेल ते सांगते!

दिवा आधी विझतो तो डोळ्यांत. बुबुळाच्या आत स्वतःचा पंधरा-वीस मिलिमीटर दाब असतो. रक्ताचा दाब त्याच्याही खाली गेला की दृष्टिपटलाला रक्त मिळेनासे होते. प्रथम रंग फिके पडतात, मग कडेचे दिसेनासे होऊन नळीतून पाहिल्यासारखे वाटते, मग काळोख. माणूस अजून शुद्धीवर असतो, ऐकू येत असते. पुढची पायरी शुद्ध हरपण्याची. मेंदूच्या पेशींत शिल्लक असलेल्या प्राणवायूवर चार ते सहा सेकंद निभते. त्वरण एकदम वाढले, तर डोळ्यांची ही सूचनाही मिळत नाही, दिवा एकदम मालवतो. हृदय जोराने धावून आणि रक्तवाहिन्या आवळून शरीर आपणहून तोंड देऊ पाहते, पण त्या तयारीला आठ-दहा सेकंद लागतात. तोवर वेळ गेलेली असते.

बेशुद्धी बारा-पंधरा सेकंदांची. त्यानंतर जवळजवळ तितकाच वेळ माणूस जागा असतो, पण भांबावलेला. आपण कुठे आहोत, हे हात कुणाचे, हेच त्याला उमगत नाही. एकूण चोवीस सेकंद धरा. सेकंदाला २५० मीटरने गुणा. विमान सहा किलोमीटर गेले, आणि ते चालवायला कोणी नव्हते.

हे संकट नवे नाही. १९२४ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील मॅककुक फील्डवर जिमी डूलिटल या वैमानिकाने विमानात त्वरणमापक बसवून सूर आणि वळणे घेतली. हेतू होता पंखांवर किती भार येतो ते पाहण्याचा. पण साडेचार जी काही सेकंद टिकले तर वैमानिकाचे भान हरपते, हेही त्याच्या लक्षात आले. पंख मजबूत करता आले. माणूस तोच राहिला.

दुसऱ्या महायुद्धात विमाने आणखी वेगवान झाली, तेव्हा या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातला गेला. कॅनडात टोरोंटोला विल्बर फ्रँक्स कर्करोगावर काम करीत होते. प्रयोगशाळेतल्या गरगर फिरणाऱ्या यंत्रात काचेच्या परीक्षानळ्या फुटत. त्या पाण्यात बुडवून फिरवल्या तर फुटत नाहीत हे त्यांनी पाहिले होते. मग माणसालाच पाण्याचा पोशाख घातला तर? आधी उंदरांवर प्रयोग झाले, मग त्यांनी स्वतःवर केले. पाय आणि पोट यांभोवती पाणी भरलेला हा पोशाख १९४२ साली ब्रिटिश नौदलाच्या वैमानिकांनी लढाईत वापरला. पुढे पाण्याच्या जागी हवेच्या पिशव्या आल्या. त्वरण वाढले की या पिशव्या फुगून मांड्या, पोटऱ्या, पोट आवळतात आणि रक्त खाली साचू देत नाहीत. जिराफाच्या पायांची कातडी अशीच घट्ट असते. त्याचा रक्तदाब आपल्या जवळजवळ दुप्पट असतो, नाहीतर एवढ्या उंच मानेवरच्या डोक्याला रक्त पोचले नसते.

दुसरी बाजू अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधली. तिथे अर्ल वुड आणि त्यांचे सहकारी यांनी माणसाला बसवून फिरवायचे मोठे केंद्रोत्सारी यंत्र वापरले. लांब भुजेच्या टोकाला खुर्ची, आणि खुर्चीत बहुतेक वेळा हे शास्त्रज्ञ स्वतः! कैक वेळा बेशुद्ध पडून त्यांनी मोजमापे घेतली. त्यातून जी शरीराची क्रिया नक्की झाली, तिला त्यांनी मेयोच्या आद्याक्षरावरून एम-१ असे नाव दिले. आज वैमानिकांना शिकवतात ती रीत हिचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

मराठीत या क्रियेला अगदी नेमका शब्द आहे: कुंथणे. हसू नका. मार्केट यार्डात हमाल शंभर किलोचे पोते पाठीवर घेतो तेव्हा काय करतो ते आठवा. पाय रोवतो, पोट आवळतो, दम कोंडतो आणि 'हं' असा आवाज निघतो. वैमानिक जवळजवळ हेच करतो, पण मोजूनमापून. पोटऱ्या, मांड्या, नितंब, मग पोट असे खालून वर सगळे स्नायू दगडासारखे ताठ करायचे. त्यामुळे तिथल्या शिरा दाबल्या जाऊन रक्त वर ढकलले जाते. मग खोल श्वास घ्यायचा आणि घशातले द्वार बंद करून तो श्वास जोराने बाहेर ढकलू पाहायचा. बाहेर जाऊ द्यायचा मात्र नाही. छातीतला दाब त्यामुळे पन्नास ते शंभर मिलिमीटरपर्यंत चढतो, आणि छातीतच हृदय असल्याने तो दाब सरळ रक्तदाबात मिळवला जातो. वर आपण केलेली वजाबाकी आठवा. तिच्यात ही रक्कम जमेला धरा.

पण यात एक मेख आहे, आणि शिक्षणाची गरज तिथेच पडते. छातीतला दाब चढलेला असेपर्यंत खालून येणारे रक्त हृदयात शिरत नाही. तुम्ही घाबरून श्वास कोंडूनच ठेवलात, तर थोड्याच वेळात हृदय रिकामे पडते आणि बेशुद्धी उलट लवकर येते. म्हणून साधारण दर तीन सेकंदांनी श्वास बदलायचा. तोही एका सेकंदाच्या आत, थोडीशीच हवा सोडून तेवढीच घ्यायची, आणि त्या वेळी पायांचे स्नायू किंचितही सैल सोडायचे नाहीत. श्वास बदलायला उशीर केला तर हृदय उपाशी. बदलायला जास्त वेळ लावला तर डोके उपाशी! शिवाय हे सारे वळण घेण्याच्या आधी सुरू करायचे. नजर अंधुक झाल्यावर कुंथायला लागणे म्हणजे गाडी सुटल्यावर तिकिटाच्या रांगेत उभे राहणे.

आणि हे करताना विमान चालवायचे, मान वळवून शत्रू पाहायचा, रेडिओवर बोलायचे. एवढे सगळे पुस्तक वाचून जमेल का? सायकल तरी जमते का? म्हणून नव्या वैमानिकाला जमिनीवरच्या केंद्रोत्सारी यंत्रात बसवतात. आपल्याकडे बेंगळुरूला भारतीय हवाई दलाची एरोस्पेस वैद्यकाची संस्था आहे, तिथे असे यंत्र आहे. समोर दिव्यांची पट्टी असते. कडेचे दिवे दिसेनासे झाले की शिकणाऱ्याने सांगायचे. डॉक्टर त्याचा चेहरा आणि हृदयाचा आलेख पडद्यावर पाहत असतात. पाय सैल पडले, श्वास लांबला, की तिथल्या तिथे चूक दाखवतात. इथे शुद्ध हरपली तर यंत्र थांबवता येते. पाण्यात उतरण्याआधी दोरी बांधून पोहायला शिकवतात तसे हे आहे.

नीट शिकलेल्या माणसाला या क्रियेने तीन-चार जी जास्त सोसता येतात. साध्या फुगणाऱ्या पोशाखाने मिळतात एक-दीड. ही तुलना मुद्दाम लक्षात ठेवा, कारण वर्तमानपत्रांत फोटो पोशाखाचे येतात. कुंथण्याचा फोटो कोण छापणार?

आता तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी विचारील की वैमानिकाला आडवेच का झोपवत नाहीत? प्रश्न उत्तम आहे. १९५४ सालच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या जॉन स्टॅप या डॉक्टरने रॉकेटच्या घसरगाडीवर बसून ४६ जीचे मंदन सोसले आणि तो जगला. कारण तो धक्का क्षणिक होता आणि पायाकडे नव्हता, छातीपाठीच्या दिशेने होता. अंतराळवीरांनाही उड्डाणाच्या वेळी पाठीवर निजवतात ते यासाठीच. फूटपट्टी आडवी केली की तिची उंची संपली! पण लढाऊ वैमानिकाला चौफेर पाहावे लागते. एफ-१६ या विमानात आसन तीस अंश मागे कलते केले आहे, त्याहून फार कलवले तर मान उचलून मागे बघताच येणार नाही.

दुसरा प्रश्न अधिक खोचक असतो. संगणक एवढे पुढे गेले, तर माणसाला हा छळ कशाला? माझ्याच एका विद्यार्थ्याने २०१६ सालचे उदाहरण पुढे केले होते. अमेरिकेत ॲरिझोनावर एफ-१६ शिकणाऱ्या एका वैमानिकाची आठ जीच्या वर शुद्ध हरपली. विमान सतरा हजार फुटांवरून नाक खाली करून ताशी बाराशे किलोमीटरच्या वेगाने जमिनीकडे निघाले. दुसऱ्या विमानातला शिक्षक ओरडत होता, ऐकणारा बेशुद्ध होता. शेवटी विमानातल्या स्वयंचलित यंत्रणेनेच जमिनीचा धोका ओळखून विमान वर उचलले. पोरगा वाचला. अशी यंत्रणा प्रत्येक लढाऊ विमानात असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण हे उदाहरण नीट वाचा. यंत्रणा जागी झाली ती चूक घडून गेल्यावर. बुडणाऱ्याला वर काढणारा जीवरक्षक असला म्हणून कोणी पोहणे शिकायचे थांबवतो का?

उलट बाजूची उदाहरणे दुःखद आहेत. अमेरिकन नौदलाच्या ब्लू एंजल्स या कसरती पथकातले वैमानिक फुगणारा पोशाख घालतच नाहीत. कारण हात मांडीवर टेकवून ते विमानाचा दांडा सांभाळतात, मांडीवरची पिशवी फुगली की हात हलेल आणि शेजारच्या विमानाला पंख लागेल. त्यांची सारी भिस्त स्नायूंवर. २१ एप्रिल २००७ रोजी साउथ कॅरोलिनात प्रेक्षकांसमोर उड्डाण करताना त्यांच्यातला एक वैमानिक तीव्र वळणात मरण पावला. त्याने स्नायू नीट आवळले नव्हते आणि त्यामुळे त्याचे दिशाभान गेले, असे चौकशीत निघाले.

आणि पोशाख घातला म्हणजे झाले असेही नाही. ४ एप्रिल २०१८ रोजी हवाई दलाच्या थंडरबर्ड्स पथकातला एक कसलेला वैमानिक नेवाडात सरावाच्या वेळी गेला. तो बावीस सेकंद विमान उलटे ठेवून उडत होता. उलट्या स्थितीत रक्त डोक्याकडे जाते. मानेतल्या धमन्यांना वाटते दाब फार झाला, म्हणून त्या हृदयाला सावकाश चालायला सांगतात. तेवढ्यात त्याने विमान ओढले आणि साडेआठ जी आले. शरीराने शस्त्रे खाली ठेवलेली असताना हल्ला व्हावा, तसे ते झाले. आधीच्या उलट्या उड्डाणाने सहनशक्ती घटली होती आणि कुंथण्याची क्रियाही पुरेशी परिणामकारक ठरली नाही, असे अहवालात नोंदले आहे.

या दोघांना भित्रे म्हणण्याची कोणाची छाती आहे? बेशुद्ध पडणे म्हणजे कच्चेपणा, ही समजूत मला घातक वाटते, ती एवढ्यासाठी. जिथे घेरी येणे हा कमीपणा ठरतो, तिथे माणूस ती लपवतो. काल अंधारी आली होती, रात्री झोप झाली नाही, सकाळपासून पाणी प्यालो नाही, हे तो डॉक्टरला सांगत नाही. आणि या प्रत्येक गोष्टीने सहनशक्ती उतरते.

कोणी म्हणेल, हा तर आपला कुंभक! मलाही योगाबद्दल आदर आहे. पण कुंभक शांत बसून करायचा असतो, ही क्रिया सर्वांग ताठ करून. श्वास कोंडणे एवढेच साम्य पाहून दोहोंना एक म्हणू नये.

एक गोष्ट बजावून सांगतो. मधल्या सुट्टीत एकमेकांना जोरजोरात श्वास घ्यायला लावून, छाती दाबून 'चक्कर आणण्याचा' खेळ काही मुले खेळतात, हे माझ्या कानावर आले आहे. तो खेळ नव्हे. मेंदूचे रक्त तोडण्याचा तो प्रकार आहे, त्यात जीव गेलेले आहेत. कुंथण्याचा हा प्रकारही घरी करून पाहायचा नाही. जमिनीवर एक जीमध्ये त्याचा उपयोग काही नाही, रक्तदाब मात्र भलताच चढतो.

प्रयोग करायचाच असेल, तर हा करा. एक हात डोक्यावर सरळ उंच धरा, दुसरा खाली लोंबू द्या. एक मिनिट थांबा. मग दोन्ही हात समोर आणून तळवे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाचा रंग फिका, दुसऱ्याचा गडद. मागच्या बाजूला एकाच्या शिरा सपाट, दुसऱ्याच्या फुगलेल्या. एवढा फरक एका जीने होतो. नऊ जीने काय होईल, याचे गणित तुम्ही वर केलेच आहे.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मी हाच प्रयोग करायला लावला. मग फूटपट्टी दिली. तिच्या छातीपासून डोळ्यांपर्यंतचे अंतर माझ्यापेक्षा तीन सेंटिमीटरने कमी भरले. प्रत्येक जीला सुमारे सव्वादोन मिलिमीटरची बचत, नऊ जीला वीस-एकवीस! कॉकपिटमध्ये हातपाय नीट पोचावेत म्हणून उंचीची किमान अट असते, ती तिने पाहून घ्यावी असे सांगितले. केंद्रोत्सारी यंत्रातल्या मोजमापांत स्त्रिया आणि पुरुष यांच्या सहनशक्तीत म्हणण्यासारखा फरक आढळलेला नाही, हेही सांगितले. आणि भारतीय हवाई दलात २०१६ च्या जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी लढाऊ शाखेत दाखल झाल्या, ही आठवण दिली.

तिने वहीत आकडे उतरवून घेतले. म्हणाली, "मामांना दाखवते." मग जाता जाता वळून विचारले, "सर, पायांच्या स्नायूंसाठी कुठला व्यायाम चांगला?" मी पदार्थविज्ञानाचा माणूस. तिला आमच्या क्रीडाशिक्षकांकडे पाठवले.